केबल, स्मार्ट टीव्ही की स्ट्रीमिंग उपकरण? बारामती-इंदापूरच्या घरांसाठी निवडीचा हिशेब

दसरा-दिवाळी जवळ आली, नोकरदारांच्या हाती बोनस पडला किंवा साखर कारखान्याकडून उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की बारामती आणि इंदापूरच्या बाजारपेठांत दूरचित्रवाणी संचांच्या दुकानांकडे पावले वळू लागतात. "स्मार्ट संच घ्या, केबल काढून टाका, दरमहाचा खर्च वाचवा," हा सल्ला अशा वेळी हमखास कानी पडतो. संच घरी येतो, भिंतीवर चढतो, केबलवाल्याला तसा निरोपही जातो. त्यानंतर आठवडाभरातच घरातील आजी संध्याकाळची मालिका शोधू लागतात, मोबाइलचा दिवसभराचा डेटा तासाभरात संपतो आणि वाचविलेल्या पैशांपेक्षा अधिक रक्कम इंटरनेट व ॲपच्या वर्गणीत गेल्याचे लक्षात येते.

दोष संचाचा नसतो, सल्ल्याचाही पूर्णपणे नसतो. निवड करताना प्रश्न चुकीच्या टोकाकडून सोडविला जातो, हे त्यामागचे कारण होय.

तीन वेगळ्या गोष्टी

घरातील दूरचित्रवाणीचे तीन भाग असतात. पहिला पडदा, म्हणजे प्रत्यक्ष संच. दुसरी वाट, म्हणजे कार्यक्रम घरापर्यंत ज्या मार्गाने येतो तो मार्ग: केबलची तार, छतावरील डिश किंवा इंटरनेटची जोडणी. तिसरा भाग कार्यक्रमांचा, म्हणजे वाहिन्या, चित्रपट, सामने आणि त्यांची वर्गणी. स्मार्ट टीव्ही हा मुख्यतः पडदा आहे, तर केबल आणि डीटीएच ही वाट आहे. स्ट्रीमिंग स्टिक हे उपकरण साध्या पडद्याला इंटरनेटच्या वाटेशी जोडून देते. स्मार्ट टीव्ही घेतल्याने केबलची गरज आपोआप संपत नाही. घरात इंटरनेटची भरवशाची वाट असेल, तरच ती संपू शकते.

म्हणून आधी वाट, मग घरातील माणसांच्या सवयी आणि सर्वांत शेवटी संच, असा विचाराचा क्रम असावा. बाजारात मात्र बहुतेकदा तो नेमका उलटा असतो.

अँटेनापासून फायबरपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पाठोपाठ १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावरून सहक्षेपण होऊ लागले. पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या बारामतीसारख्या गावांत चित्र मिळविणे सोपे नव्हते. घरावरील उंच खांब, त्यावरची ॲल्युमिनियमची अँटेना आणि वारा सुटला की छतावर चढून ती फिरविणारा घरातील मुलगा, हे त्या काळाचे चित्र होते. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले. १९८७ पासून रामायण आणि १९८८ पासून महाभारत या मालिकांनी रविवारच्या सकाळी रस्ते ओस पाडले.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्यांचे युग सुरू झाले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली आणि गल्लीबोळांतून केबलच्या तारा पसरल्या. या व्यवसायासाठी १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा झाला. मराठी प्रेक्षकांसाठी १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी), २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आजची कलर्स मराठी) आणि २००८ मध्ये स्टार प्रवाह या वाहिन्या आल्या. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनचा पहिला टप्पा ३१ ऑक्टोबर २०१२ रोजी महानगरांत, तर दुसरा ३१ मार्च २०१३ रोजी पुणे, सोलापूर यांसारख्या ३८ शहरांत ठरला होता. बारामती आणि इंदापूर ही नगरपरिषदांची गावे तिसऱ्या टप्प्यात, तर आजूबाजूची खेडी चौथ्या टप्प्यात मोडली. न्यायालयीन वादांमुळे या टप्प्यांच्या मुदती लांबत २०१७ पर्यंत गेल्या. त्यानंतर सेट टॉप बॉक्सशिवाय केबल पाहणे संपले.

त्याच सुमारास दुसरी लाट आली. नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात दाखल झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन मोबाइल डेटा स्वस्त झाला. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक एप्रिल २०१७ मध्ये भारतात आली. पुढे घरापर्यंत फायबर टाकणाऱ्या कंपन्या तालुक्याच्या गावांत पोहोचल्या आणि ठिकठिकाणचे केबलचालकही वाहिन्यांबरोबर ब्रॉडबँड देऊ लागले. आज अनेक घरांना दोन्ही वाटा उपलब्ध आहेत आणि निवडीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

केबल : जुनी, पण टाकाऊ नव्हे

केबलची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे साधेपणा. रिमोटवरील क्रमांक दाबला की वाहिनी लागते. पासवर्ड नाही, ॲप नाही, इंटरनेटच्या वेगाची चिंता नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने हा गुण लहान नाही. दुसरी बाजू माणसाची. चित्र गेले तर केबलचालकाचा ओळखीचा माणूस सायकलवरून किंवा दुचाकीवरून घरी येतो. दूरध्वनीवरील यंत्राने दिलेल्या पर्यायांत ग्राहकाला भटकावे लागत नाही.

दरांची पद्धत मात्र ग्राहकाने समजून घ्यावयास हवी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) नवी दरव्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तिच्यानुसार बिलाचे दोन भाग असतात. पहिले जोडणीचे शुल्क, दुसरी सशुल्क वाहिन्यांची किंमत. जोडणीच्या शुल्कावर पूर्वी १३० रुपयांची, अधिक करांची, कमाल मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढून टाकली आणि शुल्क ठरविण्याची मुभा सेवा देणाऱ्यांना दिली. त्यामुळे गावोगावचे दर सारखे असतीलच असे नाही. वाहिन्या मात्र सुट्याही घेता येतात आणि समूहानेही. प्रत्येक वाहिनीची किंमत सेट टॉप बॉक्सवरील कार्यक्रम-सूचीत दिसावी, असा नियम आहे. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या विनाशुल्क गटात आहेत. ज्या घरात चार-पाच मराठी वाहिन्याच पाहिल्या जातात, तिथे दोनशे वाहिन्यांचा भला मोठा समूह घेण्याचे कारण नाही. वाहिन्यांची यादी मागवून नको त्या वगळल्या, तर कोणतेही उपकरण न घेता मासिक बिल कमी होऊ शकते.

मर्यादाही उघड आहेत. कार्यक्रम ठरलेल्या वेळीच पाहावा लागतो. रस्त्याच्या किंवा गटाराच्या कामात तार तुटते. वाटेतील ॲम्प्लिफायर विजेवर चालत असल्याने घरातील इन्व्हर्टर सुरू असूनही चित्र जाऊ शकते.

शिवारातील वस्तीसाठी डिश

बारामती व इंदापूर तालुक्यांतील वस्तीची रचना शहरी वाचकाच्या कल्पनेपेक्षा वेगळी आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात आणि उजनीच्या पाणलोटाकडे अनेक कुटुंबे गावठाणात न राहता उसाच्या शिवारातील वस्त्यांवर राहतात. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या अनेकांचे आईवडील आजही अशाच वस्तीवर आहेत. तिथपर्यंत केबलची तार नेणे चालकाला परवडत नाही आणि फायबरही सर्वत्र पोहोचलेले नाही. अशा घरांसाठी डीटीएच हा पर्याय उरतो.

त्यातही प्रसार भारतीची डीडी फ्री डिश ही सेवा विशेष उल्लेखनीय आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ती सुरू झाली. डिश आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाच खर्च करावा लागतो, मासिक वर्गणी शून्य. डीडी सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि काही खासगी वाहिन्या तिच्यावर दिसतात. खासगी वाहिन्यांना लिलावातून जागा मिळत असल्याने त्यांची यादी बदलत राहते आणि लोकप्रिय सशुल्क मराठी वाहिन्या तिथे मिळतील, असे गृहीत धरू नये. बॉक्स घेताना तो एमपीईजी-४ पद्धतीचा आहे ना, हे विचारावे. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर अनेक वाहिन्या दिसत नाहीत.

फ्री डिशची सेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. बारामतीतून पाहता डिशचे तोंड आग्नेयेकडे आणि आकाशात बरेच वर, सुमारे ६० अंशांवर असावे लागते. त्या दिशेला नारळ, आंबा किंवा उंच इमारत नसावी. मुसळधार पावसात काही वेळ चित्र जाणे हा या लहरींचा स्वभावच आहे. डिश घट्ट बसविलेली व अचूक रोखलेली असेल, तर तो त्रास कमी होतो.

स्मार्ट टीव्ही : पडदा टिकतो, मेंदू थकतो

स्मार्ट टीव्ही म्हणजे एकाच पेटीत पडदा आणि छोटा संगणक. वेगळे उपकरण नको, रिमोट एकच, भिंतीवर तारांचे जाळे नाही, ही त्याची सोय. नवा संच घ्यावयाचाच असेल, तर आज बाजारात बहुतेक संच स्मार्टच मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ३२ इंची आणि ४३ इंची संचांमधील कराचा फरक उरलेला नाही.

अडचण आयुष्याची आहे. चांगला पडदा आठ-दहा वर्षे सहज चालतो. त्यातील संगणकाचे सॉफ्टवेअर मात्र त्याआधीच जुने होते. सॅमसंगच्या २०१० व २०११ मधील काही स्मार्ट संचांवर नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ पासून चालेनासे झाले. पडदे उत्तम स्थितीत होते, पण ॲपने साथ सोडली होती. स्वस्त संचांत मेमरी कमी असते. दोन-तीन वर्षांत ॲप मोठी होतात आणि रिमोटचे बटण दाबल्यावर संच विचार करत बसतो. म्हणून किमतीच्या पाटीवर केवळ इंच न पाहता रॅम किती, साठवण किती आणि सॉफ्टवेअरची सुधारणा किती वर्षे मिळणार, हे विचारणे आवश्यक आहे. एक जीबी रॅमचा संच आज स्वस्त वाटला, तरी तो लवकर कंटाळा आणतो.

पडद्याच्या आकाराचा विचार खोलीवरून करावा. दिवाणखान्यात बसण्याची जागा संचापासून पाच-सहा फुटांवर असेल, तर ३२ ते ४३ इंच पुरेसे ठरतात. ३२ इंची पडद्यावर फोर-के चित्राचा लाभ डोळ्यांना जाणवत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

खासगीपणाचाही प्रश्न आहे. काही स्मार्ट संच पडद्यावर काय पाहिले जाते, याची नोंद घेऊन ती कंपनीकडे पाठवितात. अमेरिकेत विझिओ या कंपनीला अशा नोंदींबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले. संच प्रथम सुरू करताना येणाऱ्या परवानग्या न वाचता 'मान्य' म्हणण्याची सवय टाळावी. अशी नोंद सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते.

स्ट्रीमिंग उपकरण : जुन्या संचाला नवे आयुष्य

ज्या घरात पाच-सहा वर्षांपूर्वीचा एलईडी संच सुस्थितीत आहे, तिथे नवा स्मार्ट संच घेण्यापूर्वी स्ट्रीमिंग स्टिकचा विचार करावा. साधारण तीन ते सहा हजार रुपयांत मिळणारे हे बोटभर उपकरण संचाच्या एचडीएमआय खाचेत बसते आणि साधा संच स्मार्ट होतो. ते जुने झाले तर तेवढेच बदलता येते, पडदा तसाच राहतो. स्मार्ट संचाचा संगणक थकल्यावरही हाच उपाय उपयोगी पडतो.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. संचाला एचडीएमआय खाच हवी. पाठ फुगीर असलेल्या जुन्या पिक्चर ट्यूब संचांना ती नसते. स्टिकला संचाच्या यूएसबी खाचेतून वीज न देता तिच्यासोबत आलेला चार्जर वापरावा. अपुऱ्या विजेमुळे ती वारंवार बंद-चालू होते. उपकरणांचेही वय असते, हे विसरू नये. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभर काही दिवस ठप्प झाली होती. त्याआधी २०२४ मध्येच गुगलने क्रोमकास्टचे उत्पादन थांबविले होते. उरलेला जुना माल स्वस्तात मिळतो म्हणून तो घेण्यात शहाणपण नाही.

खरी कसोटी इंटरनेटची

स्ट्रीमिंगचे सारे गणित डेटावर उभे आहे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने तासभर चित्र पाहिले, तर सुमारे ०.४५ जीबी डेटा लागतो. एचडी चित्राला साधारण पाच मेगाबिट वेग धरला, तर तासाला सव्वादोन जीबी होतात. फोर-के चित्राला पंधरा मेगाबिट धरल्यास पावणेसात जीबी. मोबाइलच्या योजनेत मिळणारे दररोजचे दोन जीबी एचडी चित्रात एक तासही पुरत नाहीत. रोज तीन तास एचडी पाहणाऱ्या घराला महिन्याकाठी दोनशे जीबींहून अधिक डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घरचा टीव्ही चालविण्याची कल्पना म्हणूनच फार दिवस टिकत नाही. घरात फायबरची जोडणी नसेल, तर स्ट्रीमिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

जोडणी असली तरी वेग संचापर्यंत पोहोचावा लागतो. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती आणि स्लॅबच्या घरांतील काँक्रीट यांमुळे वायफायची ताकद घटते. राउटर माजघरात आणि संच ओसरीवरच्या खोलीत, अशी रचना असेल तर राउटर हलवावा किंवा संचाला सरळ लॅनची तार द्यावी. वीज गेल्यावर राउटर बंद पडू नये, यासाठी त्याच्यापुरता छोटा यूपीएस मिळतो. बारावीच्या विद्यार्थ्याचा ऑनलाइन तास सुरू असताना दुसऱ्या खोलीत फोर-के चित्रपट लागला, तर वेगाची ओढाताण होते. तीस मेगाबिटची जोडणी दोन एचडी पडदे आणि एका ऑनलाइन तासाला सामान्यतः पुरते.

बारा महिन्यांचा हिशेब

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. केबलचे मासिक बिल करांसह ३०० रुपये धरले, तर वर्षाला ३,६०० रुपये होतात. केबल सोडून फायबर घेणाऱ्या घराने ३९९ रुपयांची मासिक योजना घेतली, तर १८ टक्के जीएसटीसह ती सुमारे ४७१ रुपयांना पडते, म्हणजे वर्षाला सुमारे ५,६५० रुपये. चार हजारांची स्टिक चार वर्षे चालली, तर तिचे वर्षाचे हजार रुपये. दोन ॲपची वार्षिक वर्गणी दीड हजार धरली, तर एकूण खर्च आठ हजार रुपयांच्या पुढे जातो. केबल तोडून पैसे वाचतात हे विधान या घरापुरते खोटे ठरते, खर्च दुपटीहून अधिक होतो.

याउलट मुलांचा अभ्यास किंवा घरून काम यांसाठी फायबर आधीच घेतलेले असेल, तर त्याचा खर्च या हिशेबात धरण्याचे कारण नाही. मग उरतात स्टिकचे हजार आणि वर्गणीचे दीड हजार, म्हणजे अडीच हजार रुपये. हे घर वर्षाला अकराशे रुपये वाचविते. दोन्ही घरांत उपकरण तेच, कार्यक्रमही तेच, उत्तर मात्र उलटे येते. फरक फक्त तारेचा आहे. प्रत्येक घराने आपल्या बिलांचे आकडे घालून हे गणित मांडावे.

मालिका, बातम्या आणि सामने

मराठी मालिकांच्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. केबलवर शेजारी-शेजारी असलेल्या वाहिन्या इंटरनेटवर वेगवेगळ्या ॲपमध्ये विखुरल्या आहेत. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह व कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर मिळतात. जिओसिनेमा आणि हॉटस्टार यांच्या एकत्रीकरणातून जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये उभे राहिले. या चारही वाहिन्या पाहणाऱ्या घराला तीन ॲप लागतात. बातम्यांपुरता प्रश्न असेल, तर अनेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट व मोफत पाहता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने वेव्हज हे स्वतःचे ॲपही सुरू केले आहे.

क्रिकेटचे गणित निराळे आहे. इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण केबलपेक्षा काही सेकंद मागे असते. शेजारच्या घरातून षटकाराचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. हा विलंब ज्यांना सहन होत नाही, त्यांनी सामन्यांसाठी केबल किंवा डिश राखावी. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीस द्यावे लागते. भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-२० आंतरराष्ट्रीय सामने त्यात मोडतात, आयपीएल मोडत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१७ च्या निकालानंतर हे प्रक्षेपण खासगी केबल वा डीटीएचवरील दूरदर्शन वाहिनीवरून दाखविता येत नाही. त्यामुळे असे सामने फ्री डिशवर विनामूल्य दिसतात आणि केबलवर त्यासाठी सशुल्क क्रीडा वाहिनी घ्यावी लागते.

कोणत्या घराला काय योग्य?

शहरातील नोकरदार कुटुंब, फायबर आधीच घेतलेले, संच जुना पण चांगला: स्ट्रीमिंग स्टिक घ्यावी. केबल लगेच न तोडता दोन महिने दोन्ही चालवून पाहावे. या काळात केबलचा रिमोट कोणी किती वेळा हाती घेतला, यावरून निर्णय आपोआप होईल.

घरात फक्त ज्येष्ठ दांपत्य, मुले पुण्यात किंवा परगावी: केबल किंवा डीटीएच कायम ठेवावे आणि वाहिन्यांची यादी छाटून बिल कमी करावे. दिवाळीला आलेल्या मुलाने प्रेमाने स्मार्ट संच बसवून केबल काढून टाकली आणि तो परत गेल्यावर आईवडिलांना संचच सुरू करता आला नाही, तर ती भेट त्यांच्या संध्याकाळी हिरावून घेते. नवा संच द्यायचाच असेल, तर जुना सेट टॉप बॉक्स त्याला जोडून द्यावा.

शिवारातील वस्ती, तार पोहोचत नाही: फ्री डिश हा पाया समजावा. सशुल्क मराठी वाहिन्या हव्या असतील, तर खासगी डीटीएच घ्यावे. पुढे फायबर आले, तर एचडीएमआय खाच असलेल्या संचाला स्टिक जोडता येईल.

बारामतीत शिक्षणासाठी खोली घेऊन राहणारे विद्यार्थी किंवा औद्योगिक वसाहतीतील भाडेकरू कामगार: सामायिक ब्रॉडबँड आणि एक स्टिक. खोली बदलली, तर ती खिशात घालून नेता येते.

नवे घर, नवा संच: चांगल्या मेमरीचा, किमान दोन-तीन एचडीएमआय खाचा असलेला स्मार्ट संच घ्यावा आणि भिंतीतून लॅन व केबल, दोन्ही तारांसाठी पाइप आधीच टाकून ठेवावेत.

काही सावधगिरी

'हजारो वाहिन्या कायमच्या मोफत' असे सांगून विकल्या जाणाऱ्या अनोळखी बनावटीच्या पेट्यांपासून दूर राहावे. त्यांतील कार्यक्रम बहुधा चोरीचे असतात. शिवाय अशा पेटीत घातक सॉफ्टवेअर असले, तर घरच्या वायफायवरील मोबाइल आणि बँकेचे ॲपही धोक्यात येऊ शकतात. संच किंवा स्टिक 'ॲक्टिव्हेट' करण्यासाठी शुल्क मागणाऱ्या दूरध्वनीवर विश्वास ठेवू नये. त्यासाठी ओटीपी सांगण्याची कधीच गरज नसते. वर्गणीचा आपोआप नूतनीकरण होणारा पर्याय बंद ठेवावा. लहान मुले असलेल्या घरांनी पालकांसाठीचे कुलूप पहिल्याच दिवशी लावावे. दुकानातून पक्के बिल घ्यावे. दुरुस्ती केंद्र बारामतीत आहे की संच पुण्याला न्यावा लागेल, हेही विचारून ठेवावे. केबलचालकाकडूनही दरमहा पावती घ्यावी.

छतावरच्या अँटेनाने कधीकाळी सारे घर एका संचासमोर गोळा केले होते. आज प्रत्येकाच्या हाती स्वतःचा पडदा आहे. दिवाणखान्यातील संच मात्र अजूनही सर्वांचा असतो आणि त्याची निवड करताना घरात तो सर्वांत अधिक कोण पाहते, हे आधी विचारले जावे. बहुतेक घरांत त्याचे उत्तर पैसे देणारा नसून दिवसभर घरी असणारे माणूस असते.